करवती कड

मंगळवारी सकाळी अकरा वाजता प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या चाचणीच्या बोगद्यात वारा सोडण्यात आला. त्याआधी तंत्रज्ञ कदमकाकांनी आम्हा सगळ्यांना चपला, बांगड्या, घड्याळं बाहेर ठेवायला लावली. आवाज मोजणाऱ्या माइकला सगळं ऐकू येतं.

बोगद्यात विमानाच्या पंखाचा नमुना होता. त्याच्या मागच्या कडेला करवतीसारख्या दातांची पातळ पट्टी चिकटवली होती. सरळ कडेवरून वारा एकदम सुटतो आणि आवाज करतो. दात असले की तो मागेपुढे सुटतो, आवाज विखुरतो. घुबडाच्या पिसाला अशी कड असते. संशोधक विद्यार्थिनी वैशालीने तीन वर्षं याचंच गणित मांडलं होतं. आज आवाज उतरला नाही, तर प्रबंध नव्याने लिहावा लागणार होता.

पडद्यावरची आवाजाची रेघ वर गेली. आवाज वाढला होता.

कोणी हललं नाही. शांतता मोजायला माणसं किती ताणात उभी राहतात, हे मी तेव्हा पाहिलं.

कदमकाका काचेला नाक लावून बघत होते. "ताई, दात थरथरतायत की! गणितात कसे धरलेत?"

"ताठ."

"मग वाऱ्याला कळवायचं राहिलं वाटतं."

ती हसली नाही. दुपारी दीड वाजता जाड पत्र्याची पट्टी लावून वारा पुन्हा सोडला. रेघ खाली आली, गणिताने सांगितलं होतं तिथेच.

प्राणिशास्त्र विभागातून मागून आणलेलं घुबडाचं पीस टेबलावर होतं. वैशालीने ते उचललं आणि फुंकर घातली. पिसाची कडही थरथरली. तरी आवाज झाला नाही.