सैल गाठींचा हार

चूक माझीच होती. लातुरात आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात शनिवारी लोकांचे हार घेऊन पुजाऱ्याच्या हाती द्यायचं काम मी हौसेनं करतो. त्या शनिवारी एका म्हाताऱ्याचा रुईच्या पानांचा हार मी परत केला. पानं वाकडी, गाठी सैल.

तो दर शनिवारी यायचा. चपला भिंतीशी जोडून ठेवायचा, टोपी काखेत धरायचा आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं देवाशी पुटपुटायचा. बायकोला लकवा झालाय, एवढंच मला ठाऊक होतं.

"मामा, किती दिवस मागताय! देव काही ऐकेना, निदान हार तरी नीट आणा," मी रांगेसमोर बोललो. दोघं-तिघं हसले.

"ऐकून राहिला की, मालक," हार सावरत तो म्हणाला. "हा तिनंच ओवलाय, लकव्याच्या हातानं. आधी त्या हातात चमचा ठरत न्हवता. आता तिचं चालणं मागून राहिलो. मायबापाला मागायचा कंटाळा करावा व्हय?"

हार पायरीवर ठेवून, नमस्कार करून तो गेला. मला मान वर करवेना. मी स्वतः दोन-चार शनिवार मागतो आणि काही झालं नाही की देवावर रुसून बसतो.

पुढच्या शनिवारी तो आला, तेव्हा तशाच भरल्या रांगेसमोर मी हात जोडले. म्हणालो, "मामा, चुकलं माझं. मामींनाही सांगा."