सोवळ्यातला ब्रेक

मोटार घेतली त्या साली रत्नागिरीत मला मान बराच होता, मोटारीला ब्रेक मात्र बेताचाच. जुनीच घेतली होती. थांबायचं असलं की तिला बरंच आधी सांगून ठेवावं लागे.

मला दोन आत्या. थोरली विधवा, आमच्याकडेच राही. धाकटी पालीस दिलेली. त्या पावसाळ्यात धाकटी तापाने आडवी झाली. ताप गेला, पण अन्नावरची वासना काही परतेना. थोरलीने सोवळ्यात डिंकाचे लाडू वळले आणि मला म्हणाली, "बैलगाडीने माझी कंबर जाईल रे. तुझी मोटार चालते ना?"

घरात प्रथमच कोणी मोटारीचा उपयोग विचारत होतं. नाही म्हणणं शक्यच नव्हतं. पण वाटेत उतार, आणि चाकांतले ब्रेकचे पट्टे पार झिजलेले.

बंदरावरचा मिस्त्री पूर्वी बोटीच्या इंजिनावर होता. तो म्हणाला, "भाऊ, मुंबईचे तयार पट्टे पावसाळा सरून आगबोटी सुरू झाल्यावर. चामड्याचे उद्या देतो. नाहीतर हा आहे." आणि त्याने भातगिरणीचा तुटका पट्टा पुढे केला, उंटाच्या केसांचा विणलेला. आम्ही दोघांनी चामडंच पसंत केलं.

सवयीप्रमाणे मी हे सगळं जेवताना घरात समजावून सांगितलं.

"चामड्याचे?" आत्या म्हणाली. "मग लाडू कुठे ठेवू?"

"मांडीवर. पट्टे चाकात असतात."

"आणि चाक मोटारीला लागलेलं असतं की सुटं?"

मी ताटातला भात कालवू लागलो. "गादीवर घोंगडी घालीन मी. चाकावर काय घालू?" ती म्हणाली.

मी थट्टेने म्हटलं, "उंटाच्या केसांचेही मिळतात."

"म्हणजे लोकरच की ती. माझी सोवळ्याची धाबळी तरी कशाची? लोकरीला विटाळ नाही. तेच घाल."

मिस्त्रीला कारण सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "नशीब भाऊ, रेशमी नाही मागितले."

पालीअलीकडच्या उतारापर्यंत उंट चांगला वागला. मग आत्या म्हणाली, "धाबळी जळल्यासारखा वास येतोय रे."

"ब्रेक आहे तो."

"मग थांबव की."

"तोच जळतोय, आत्या."

धाकटीचं घर रस्त्यालगतच. तिला ओटीवर उशांना टेकवून बसवलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत आम्ही पुढे निघून गेलो. थोरलीने लाडवांचा डबा उंच धरून दाखवला आणि शांतपणे सांगितलं, "येते गं, परत येते."

पुढच्या चढावर मोटार आपणहून दमली. मी उतरून चाकाखाली चिरा लावतो तोवर थोरली डबा काखेत मारून चालूही लागली होती. जिच्यासाठी एवढी मोटार काढली ती कंबर आता तिच्या लक्षातही नव्हती.

मी ओटीवर पोचलो तेव्हा दोघी हसत होत्या. धाकटी लाडू खात होती, आणि दुसऱ्यासाठी तिने हात पुढे केला होता. तिच्या सुना दारात उभ्या राहून बघत होत्या.

मी थोरलीला हळूच विचारलं, "परत कसं जायचं?"

"गावात कोणी चामड्याचे लावून देतो का बघ."

"आणि सोवळं?"

"जाताना डबा रिकामा आहे," ती म्हणाली.