सहदेव परबची काळी फीत

भाद्रपदातलं ऊन सकाळीच पाठीला चटके देत होतं. घाटकोपरच्या दूधकेंद्रासमोर सहदेव परब बाटल्यांचे क्रेट उतरवून एकावर एक रचत होता. आत त्याची बायको रुक्मिणी कार्डं बघून बाटल्या देत होती. केंद्र तिच्या भावाचं. वर्षापूर्वीपर्यंत सहदेव पोलिसात शिपाई होता, आता क्रेट उचलत होता. त्याला त्यात फारसा फरक वाटत नव्हता. हल्ली कशातच वाटत नव्हता.

एकोणिसाव्या वर्षी तो कणकवलीहून आला, मैदानावर ऊर फुटेस्तोवर धावला, भरती झाला. पोरगा चोर पकडणार म्हणून आई गावभर सांगत सुटली. पोराच्या वाट्याला आला साहेबाचा बंगला. कुत्रा धू, भाजी आण, पोरांचे बूट पूस. मग ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला शिपायांनी निषेध म्हणून काळ्या फिती लावल्या. सहदेवनंही लावली. त्यापायी नोकरी गेली, पोलीस लायनीतली खोलीही गेली.

रोज दूध न्यायला येणारे मार्तंड मास्तर शाळेत इतिहास शिकवत. त्यांना सहदेवचं भारी कौतुक.

"फीत लावली तेव्हा काय वाटलं रे?"

"पाय दुखत होते. बंदोबस्त होता ना."

"तुर्कस्तानातले तरुण लष्करी अधिकारी असेच. सुलतानाच्या पगारावर वाढले आणि त्याच्यावरच उलटले."

"मग परत घेतलं त्यांना कामावर?"

"अरे, त्यांनी सुलतानालाच गादीवरनं खाली ओढलं."

"म्हणजे पगार चालू राहिला," सहदेव म्हणाला आणि पुढचा क्रेट उचलला.

मास्तर गेले, तोच राजाराम हवालदार आला. त्यानं फीत लावली नव्हती, त्यामुळे वर्दी अंगावर होती.

"सद्या, तुझं काम होतंय. साहेबांनी शब्द टाकलाय. चौकशीत एवढंच बोल, फिती दादूनं आणल्या आणि दम देऊन बांधायला लावल्या. लायनीतली खोलीसुद्धा परत मिळेल."

दादू त्यांचा लायनीतला शेजारी. तोही बडतर्फ, त्याचीही चौकशी अडकलेली. सहदेव असं बोलला असता तर दादूची कायमची वाट लागली असती.

रुक्मिणीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"हवालदारानू, फिती मिया कापलंय. माझ्या काळ्या परकराच्यो. अख्ख्या लायनीक पुरलो तो परकर. माझा नाव घाला."

"वयनी, बायकांची नावं चौकशीत नसतात घेत."

"मगे दादूचा कित्याक घेतास?"

राजारामनं तिच्याकडे पाठ केली. "सद्या, तू बोल."

सहदेव थांबला. राग येईल असं त्याला वाटलं. आला नाही. खोली आठवली, मोरी आठवली, रुक्मिणीनं दारात लावलेली तुळस आठवली. छातीत काहीच हललं नाही.

"फिती आमच्या घरातल्या," तो म्हणाला. "साहेबांना तसंच सांगा."

"मग बस जन्मभर बाटल्या उचलत."

"हं."

राजाराम टोपी नीट करत रस्ता ओलांडून गेला. रुक्मिणीनं पुढच्या माणसाचं कार्ड घेतलं.

एका म्हातारीनं रिकामी बाटली पुढे केली. तळाशी नासलेलं दूध चिकटलं होतं. सहदेवनं नळाखाली बाटली धरली, खळखळून धुतली, पाणी गटारात ओतलं आणि ती रिकाम्या क्रेटमध्ये ठेवली.