एक चूक वगळता

कुमुदताई गेल्याची बातमी मला गुरुग्राममध्ये, मुलाच्या विसाव्या मजल्यावरच्या घरात, सकाळचा चहा घेताना कळली. दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या मोबाइल ग्रुपवर कुणीतरी श्रद्धांजलीचा मजकूर टाकला होता. चष्मा सापडेना, म्हणून नातीला वाचायला सांगितलं. ती इथंच वाढलेली, मराठी वाचते पण अडखळत. ‘रेडिओ आणि टीव्हीवरच्या ज्येष्ठ निवेदिका... एक दुर्दैवी चूक वगळता निर्दोष कारकीर्द...’ इथं ती थांबली. “आबा, वगळता मतलब?” मी म्हणालो, “छोड़कर.” “अच्छा. कौनसी चूक?” मी कप खाली ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. पन्नास वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मग दिल्लीतल्या द्वारकेला, त्यांच्या घरी अंत्यदर्शनाला गेलो, शोकसभेत मागच्या खुर्चीवर बसलो. तिथंही तीन वक्त्यांनी त्या चुकीचा हळहळत उल्लेख केला आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्याला आता पाच आठवडे झाले. आता नाही ऐकून घेणार.

दिल्लीत रेडिओच्या मराठी बातम्यांच्या विभागात मी अनुवादक म्हणून लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहायचो आणि स्वतःला फार शहाणा समजायचो. कुमुदताई पस्तिशीच्या. नवऱ्याच्या केंद्र सरकारी नोकरीमुळे दिल्लीत आलेल्या आणि करारावर बातम्या वाचणाऱ्या. इंग्रजी मजकूर यायचा, आम्ही तो हातानं मराठीत उतरवायचा आणि शाई वाळायच्या आत कागद त्यांच्या हातात द्यायचा. त्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारत एकदा मोठ्यानं वाचून घ्यायच्या. माझे जडजंबाल शब्द आले की थांबायच्या. “तुझी आई असं बोलते का रे?” “नाही.” “मग माझ्या तोंडी कशाला घालतोस?” आणि पेन्सिलीनं शब्द उडायचा. त्या पेन्सिलीनं मला जेवढं मराठी शिकवलं, तेवढं दोन पदव्यांनी शिकवलं नाही.

लढाई संपून महिना झाला होता. शौर्यपदकांची यादी सकाळच्या बातम्यांच्या अगदी तोंडावर आली. तिच्यात आपल्याकडचे चार जवान होते. मी घाईघाईनं नावं उतरवली आणि कागद नेऊन दिला. ताईंना पॅसेजमधली फेरी मारायला वेळच मिळाला नाही, स्टुडिओतला लाल दिवा लागला. मी लिहिलं होतं तसं त्यांनी वाचलं. ‘मरणोत्तर’ हा शब्द माझ्या हातून एक ओळ वर सरकला होता. जो गेला होता तो कागदावर जिवंत झाला, आणि जो जखमी होऊन इस्पितळात पडला होता, त्या नाईकाला आम्ही मारून टाकलं. दोन तासांनी दिल्लीच्या लष्करी छावणीतून फोन आला. नाईकाची बायको तिथल्याच क्वार्टरमध्ये राहत होती आणि तिनं बातम्या ऐकल्या होत्या.

ताईंनी थ्री-व्हीलर बोलावली, मला आत बसवलं आणि आम्ही छावणीत गेलो. तोपर्यंत युनिटच्या साहेबांनी येऊन नवरा जिवंत असल्याचं तिला सांगितलं होतं. पण त्याआधीच शेजारणींनी तिच्या बांगड्या फोडल्या होत्या. काचा अजून ओट्यावर पडलेल्या. मनगटाला फडकं बांधून ती दारात बसली होती, साताऱ्याकडची, विशीची पोर. ताईंनी हात जोडले. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. “मला कळलं वं बाई. पर गावाकडं माझी सासू हाय. चावडीवर रेडू लागतोय, समद्या गावानं ऐकलं आसंल. तारंचं कागद कवा पोचायचं? म्हातारी तंवर जगंल का?” मग तिनं मान वर केली. “जिथं मारलंत तिथंच जित्तं करा त्येंला.”

परतताना मी रडत होतो, खोटं कशाला सांगू. “ताई, चूक माझी आहे. मी साहेबांना सांगतो.” त्या म्हणाल्या, “तुला ऐकलं कुणी? लोकांनी मला ऐकलं. माझ्या तोंडून गेलं ते माझं. तुझी नोकरी अजून कच्ची आहे, तू गप्प राहायचं, समजलं?” मी गप्प राहिलो... त्यात आज्ञाधारकपणा थोडा होता आणि भीती पुष्कळ.

आमच्या विभागाच्या साहेबांनी ताईंचं ऐकून घेतलं आणि उद्या सुधारित यादी वाचू असं म्हणाले. माफी मागायची बातच नको. “मैडम, रेडियो से गलती नहीं होती. सुधार होता है.” बातम्या देणाऱ्याला स्वतःचं नाव सांगायची मुभा होती, त्यापलीकडे स्वतःबद्दल बोलायची नव्हती. संध्याकाळच्या बातम्या संपताना वीसेक सेकंद उरले. काचेच्या पलीकडून मी पाहत होतो. ताईंनी कागद पालथा घातला, माइककडे सरळ पाहिलं आणि म्हणाल्या, “आज सकाळच्या बातम्यांत माझ्याकडून एक गंभीर चूक झाली.” मग नाईकाचं नाव, गाव, तालुका सांगून, “ते जिवंत आहेत.” जो खरा गेला होता त्याचंही नाव घेतलं. “दोन्ही घरांची मी क्षमा मागते.” आवाज तसूभर हलला नाही.

दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. विनापरवानगी मजकूर वाचल्याबद्दल लेखी दिलगिरी द्या, म्हणजे प्रकरण मिटेल. ताईंनी एका ओळीचं उत्तर दिलं: दिलगिरी ज्यांच्याकडे व्यक्त करायची होती, त्यांच्याकडे केली आहे. सात महिने त्यांना माइकसमोर बसू दिलं नाही. मी रोज सांगायचो, देऊन टाका ना दोन ओळी, काय बिघडतं! शेवटी एकदा त्या भडकल्या. “म्हणजे त्या पोरीला ‘जिवंत आहे’ सांगितलं, तो गुन्हा होता असं लिहून देऊ?” शेवटी साहेबांचीच बदली झाली आणि नव्या साहेबांनी त्यांना परत बोलावलं. दिलगिरी त्यांनी दिली नाही ती नाहीच. पुढच्या संक्रांतीला तो नाईक काठी टेकत, बायकोला घेऊन तिळगूळ द्यायला आला. तिच्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या.

कामावर परत आल्या त्या दिवशी ताईंनी दोन लाकडी फूटपट्ट्या आणल्या. एक माझ्या टेबलावर ठेवली. दुसरी जन्मभर वाचताना त्यांच्या ओळीखाली राहिली. पुढं टीव्हीवर त्यांचा हिंदी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा निर्माता म्हणाला, “मैडम, ये स्केल हटाइए, आप स्कूल टीचर लगती हैं.” “तो लगने दो,” ताई म्हणाल्या. घराघरांत ती पट्टी दिसली. लोक हसले आणि त्यांना सवयही झाली. पण कार्यक्रम कुठलाही असो, मागं कुजबुज असायचीच... हीच ती, लढाईच्या वेळी चुकलेली. माझी पदोन्नती होत गेली. निवृत्तीच्या समारंभात तर माझ्या अचूकतेचं कौतुक झालं, आणि पहिल्या रांगेत बसून ताईंनी टाळ्या वाजवल्या.

तेराव्याला द्वारकेच्या घरी त्यांच्या मुलीनं ती पट्टी माझ्या हातात दिली. मधले आकडे बोटांनी पुसून गेलेत. “आई म्हणायची, याची जोडी तुमच्याकडे आहे.” हे लिहिताना दोन्ही पट्ट्या टेबलावर आहेत. इथवर लिहून झालं आणि नातीला वाचायला बोलावलं. ताईंची पट्टी ओळीखाली सरकवत ती सावकाश वाचत आली, कुठं कुठं अडखळली, छावणीचा भाग तिनं दोनदा वाचला. शेवटी पट्टी कोऱ्या कागदावर आली. “आबा, आगे? लिखो ना.” ताई, तुमची आज्ञा मी आज मोडतो आहे. रागवायचं तर खुशाल रागवा.

पन्नास वर्षांपूर्वी एका सकाळच्या बातम्यांत माझ्याकडून एक गंभीर चूक झाली.