अर्जातलं मुलीचं नाव

नगरच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली एक टायपिस्ट बसायचे. ब्याण्णव साल असेल. ताईच्या नवऱ्याने तिला घराबाहेर काढून चार वर्षांची मुलगी ठेवून घेतली होती. घरात कॉलेज पाहिलेला मी एकटाच, म्हणून वकील शोधायचं माझ्यावर आलं. मी त्यांना सगळी हकीकत सांगून भीतभीतच विचारलं, "काका, सगळ्यात मोठा वकील कोण?"

चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "मोठा काय करायचा? समद्यांचे अर्ज मीच टाईप करतो. बाकीचे 'अज्ञान मुलगी, वय चार' एवढं लिहून मोकळे. त्या कोपऱ्यातल्या बाई पोरीचं नाव लिहित्यात, ती कुनाच्या हातनं जेवती तेबी लिहित्यात. तिकडं जा."

बाईंनी ताईला आधी पाणी दिलं. मग मुलीविषयीच विचारत राहिल्या.

वर्षभराने मुलगी ताईकडे आली. तिला घेऊन आम्ही लिंबाखाली पेढे द्यायला गेलो. काकांनी तिला कधीच पाहिलं नव्हतं. तरी टाईप करणं थांबवून ते म्हणाले, "ये मनीषा. दुधातली भाकरी आईच्याच हातनं खातीस न्हवं?"