नारळ

पारोळ्याच्या आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर एका जागी कधी बसत नाहीत. कपाळाला रोजचं गंध, बोटांत खडू, चहासुद्धा येरझाऱ्या घालतच पितात.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यांच्या वर्गात गोंधळ झाला. पाणी शुद्ध करण्याचं मॉडेल चौघांनी मिळून केलं होतं. तिघांना त्याची पूजा करायची होती. चौथी मुलगी बौद्ध घरातली, ती नारळ फोडायला तयार नव्हती.

"सर, हिला गटातून काढा," तिघं म्हणाली.

सर चालता चालता तिच्यापाशी आले. चिडले की ते अहिराणीत बोलतात, पण आवाज मऊ होता. "तुले काय करनं शे?"

"मॉडेल समजावून सांगते, सर. पूजा नको."

"मग तू सांग. पूजा हे तिघं करतील. गट मोडायचा नाही."

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी सरांना म्हणालो, "एक नारळ फोडला असता तर काय बिघडलं असतं?"

"आपलं काहीच नाही," सर म्हणाले. "तिचं बिघडलं असतं."

मागच्या वर्षी ती माझ्या वर्गात होती. तेव्हा याच मुलीला सरस्वतीच्या फोटोला हार घालायला मी पुढे ढकललं होतं. तिने मुकाट्याने घातला होता. मी तिला विचारलंच नव्हतं.