तिकडे आबा बरे आहेत

आबांचा दहावा झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझी जपानी कंपनीची मुलाखत होती. थोरला म्हणून बापाची क्रिया मीच केली होती, डोक्याचा नुसता गोटा झालेला. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात मित्राचा टाय. जाऊ नये असंच वाटत होतं. पण आई म्हणाली, "जा. तू बसून राहिला म्हनून ते काय माघारी येनार हायेत का?" मग शेवगावच्या स्टँडवर नगरची एसटी पकडली.

त्याआधी मी सुप्याला एका कंपनीत कंत्राटावर होतो. दर सहा-सात महिन्यांनी ब्रेक, मग पुन्हा नवा गेटपास. त्याला वैतागून नगरला सावेडीतल्या जपानीच्या क्लासला नाव घातलं. आबांना त्याचं कोण कौतुक. फोनवर म्हणायचे, "बोल बरं कायतरी." मी दोन वाक्यं म्हणायचो. त्यांना ओ की ठो कळायचं नाही, तरी "लई भारी" म्हणायचे. एका सकाळी कांद्याला पाणी द्यायला गेले आणि छातीत कळ येऊन बांधावरच बसले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

क्लासच्या सरांना बातमी कळलेली होती. माझ्या डोक्याकडे बघून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "वाईट वाटून घेऊ नको, पण वडील गेले हे सांगू नकोस. थोरला मुलगा, घरी आई एकटी, असं कळलं की त्यांना वाटतं हा मधेच परत जाणार. केसांचं विचारलं तर उन्हाळा आहे म्हण."

मुलाखत क्लासमध्येच, ऑनलाइन होती. स्क्रीनवर तिघे होते. मधले म्हातारे, ते कारखान्याचे मालक. माझं डोकं बघून ते हसले आणि म्हणाले, आमच्याकडे शाळेत बेसबॉल खेळणारी पोरं असंच डोकं करतात. मग विचारलं, घरी कोण कोण असतं? उत्तर महिनाभर घोकलेलं होतं. आई आहे, वडील शेती करतात, बरे आहेत. कुठेही न अडखळता म्हणालो. इतकं स्वच्छ जपानी मी त्याआधी कधी बोललो नव्हतो.

निवड झाली. सरांनी पेढा पुढे केला. तेरावा अजून व्हायचा होता, तरी खाल्ला. स्वतःची किळस आली आणि त्याच वेळी आनंदही झाला. आता ते नाकारण्यात अर्थ नाही.

वाटलं होतं, एकदा तिकडे पोचलो की नीट सांगून टाकू. पण मालक माणूस चांगला निघाला, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. दर सोमवारी माझ्या मशीनपाशी येऊन विचारायचे, "वडील बरे आहेत ना?" मी म्हणायचो, "बरे आहेत." आज सांगू, उद्या सांगू करत दोन वर्षं गेली. एकदा तर आबांना सर्दी झालीय म्हणालो, कारण नुसतं बरे आहेत म्हणायचा कंटाळा आला होता. पुढच्या सोमवारी त्यांनी आठवणीनं सर्दीची चौकशी केली. ज्याला स्वतः अग्नी दिला, त्या बापाला मी तिकडे नोकरीसाठी जिवंत ठेवलं होतं, आणि याची लाज दर सोमवारी नव्यानं वाटायची.

यंदा सुट्टीवर निघालो तेव्हा मालकांनी एक खोकं हातात दिलं. घरी आईनं ते उघडलं. आत थंडीत घालायचं, कापूस भरलेलं जाकीट होतं. तिनं ते माझ्या पाठीला लावून पाहिलं. आखूड झालं.

"कुनासाठी हाय हे?"

मग सगळं सांगितलं. सर काय म्हणाले ते, पेढ्याचं, दर सोमवारचं. वाटलं, ती शिव्या देईल, निदान रडेल. ती जाकिटाची घडी घालत राहिली. घडी नीट बसेना. मोडून पुन्हा घातली.

"म्हंजी तिकडं हायेत ते अजून," ती म्हणाली.

"व्हय."

"मग ऱ्हाऊ दे. नको सांगू आता मालकांना." आणि जाकिटावरून हात फिरवत तिनं विचारलं, "कशी हाय तब्येत?"

"बरी हाय," मी म्हणालो. त्यानंतर मला तिच्याकडे बघवेना.